एक मूळ, अनेक भाषांतरें



पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्यानें निघालें म्हणजे पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी हीं गांवें एकामागून एक लागतात, आणि भोसरीवरून नाशिकच्या रस्त्याला वळलें कीं पुढें चाकण येतें. या पट्ट्यांत काय पिकतें हें आपणांस सांगावयास नको. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला. मागाहून मालमोटारी आल्या, स्कूटरी आल्या, त्यांना सुटे भाग पुरविणारे लेथ भोसरीच्या गल्लोगल्लीं फिरूं लागले. आणि २००९ सालीं चाकणला फोक्सवॅगनच्या मोटारी बनूं लागल्या. लोखंड तापवावें, दाबावें, कातावें, जोडावें, हा येथला नित्याचा व्यवहार. परंतु मी आज ज्या मालाविषयीं बोलणार आहें त्याला वजन नाहीं, तो गंजत नाहीं, आणि ट्रकवर चढवून पाठवावाही लागत नाहीं. तरीसुद्धां येथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडींत तो बसविलेला असतो.

१ एप्रिल २०२० रोजीं देशभर धुराचे ‘भारत स्टेज सहा’ हे नियम लागू झाले आणि आपल्या बहुतेक मोटारसायकलींतून कार्बुरेटर हद्दपार झाला. आतां इंजिनांत पेट्रोल किती सोडावयाचें आणि कोणत्या क्षणीं सोडावयाचें हें एक लहानसा संगणक ठरवितो. कारखान्यांत त्याला ‘ईसीयू’ म्हणतात. त्याच्या आदल्या वर्षापासून सव्वाशे सीसीवरील दुचाकींना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. तेथेंही चाक केव्हां मोकळें सोडावयाचें हें असाच एक संगणक सांगतो. या संगणकाला जें सांगावयाचें तें माणसानें लिहिलेलें असतें. तो एक मजकूर आहे: त्यांत शब्द आहेत, विरामचिन्हें आहेत, वाक्यरचनेचे नियम आहेत. मात्र यंत्र हा मजकूर वाचीत नाहीं. यंत्र वाचतें तें त्याचें भाषांतर, आणि तें करणारा दुसरा एक प्रोग्राम असतो. त्याचें नांव कंपायलर.

आजच्या भाषणाचा विषय हा भाषांतरकार आहे. तो एक नाहीं, अनेक आहेत. आणि प्रत्येकाच्या वर्षागणिक नव्या आवृत्त्या निघतात. मूळ मजकुराचें एक अक्षरही न बदलतां भाषांतर बदलूं शकतें. ज्या मजकुरावर हजारों लोक विसंबून आहेत त्याला मग सगळ्या भाषांतरकारांच्या हातून पार पाडून पाहावें लागतें. हें काम कोण करतो, कसें करतो, आणि आपल्या या पट्ट्याशीं त्याचा काय संबंध, हें मला सांगावयाचें आहे.

भाषांतराची ही युक्ति फार जुनी नाहीं. १९५२ च्या सुमारास अमेरिकेंत ग्रेस हॉपर या बाईंनीं पहिला असा प्रयत्न केला, तेव्हां यंत्रानें यंत्रासाठीं प्रोग्राम रचावा ही कल्पनाच लोकांना पटेना. १९५७ सालीं फोरट्रान भाषेचा कंपायलर आला आणि शास्त्रज्ञांचें काम सोपें झालें. १९७२ च्या आगेमागें बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं ‘सी’ ही भाषा तयार केली. पन्नास वर्षें लोटलीं तरी गाड्यांच्या संगणकांत आजही मुख्यतः हीच भाषा चालते. १९८७ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं ‘जीसीसी’ हा सीचा कंपायलर लोकांना खुला करून दिला. खुला म्हणजे केवळ फुकट नव्हे. त्याचा मूळ मजकूरही वाचावयास, बदलावयास आणि पुन्हां वाटावयास मोकळा. आपल्याकडे पवईच्या आय. आय. टी. मध्यें प्राध्यापक उदय खेडकर यांनीं याच जीसीसीच्या अभ्यासासाठीं एक केंद्र चालविलें आणि देशांतील अध्यापकांना व विद्यार्थ्यांना त्याचें अंतरंग उलगडून दाखविलें. कंपायलर ही पश्चिमेकडून बंद पेटींत येणारी वस्तु आहे असें समजणाऱ्यांना ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

आतां भाषांतरांत फरक कां पडावा? आपल्या घरांतील पाककृतीची वही घ्या. तींत ‘मीठ चवीपुरतें’ असें लिहिलेलें असतें. सासूबाईंच्या हातून आमटी एका चवीची होते, सुनेच्या हातून दुसऱ्या. वहींतला शब्द तोच राहिला. अर्थ करणारा हात बदलला. सी भाषेचें प्रमाण १९८९ सालीं ठरलें तेव्हां समितीनें असे ‘चवीपुरते’ शब्द कांहीं ठिकाणीं जाणूनबुजून ठेविले. यंत्रें नाना जातींचीं. सर्वांवर एकच सक्ती केली असती तर कित्येकांवर प्रोग्राम रखडत चालला असता. म्हणून कांहीं गोष्टी कंपायलरच्या मर्जीवर सोडल्या, मात्र त्यानें आपली निवड लिहून प्रसिद्ध करावी अशी अट घातली. कांहीं ठिकाणीं तीही अट नाहीं. आणि कांहीं ठिकाणीं तर प्रमाण सरळ सांगतें कीं लेखकानें असें लिहिलें तर परिणाम काय होईल याचें आम्हांला बंधन नाहीं. सगळ्यांत घात होतो तो या तिसऱ्या ठिकाणीं.

पहिल्या प्रकाराचें एक उदाहरण देतों. सी भाषेंत ‘चार’ या नांवाचा एक लहानसा डबा असतो, एक अक्षर मावेल एवढा. या डब्यांत ऋण आंकडे ठेवतां येतात कीं नाहीं हें प्रमाणानें कंपायलरवर सोपविलें आहे. आपल्या टेबलावरच्या संगणकांत बहुधा येतात. तेथें त्यांत उणें १२८ पासून १२७ पर्यंतचे आंकडे मावतात. पण फोनांत आणि गाड्यांत ज्या आर्म जातीचे प्रोसेसर असतात, त्यांच्यासाठीं भाषांतर करतांना पुष्कळ कंपायलर हा डबा शून्यापासून २५५ पर्यंतचा धरतात. समजा एखाद्या नवशिक्यानें बाहेरच्या हवेचें तपमान या डब्यांत ठेवलें. टेबलावर त्याची परीक्षा उत्तम पार पडली. गाडींतही ती पार पडेल, कारण चाकणच्या हवेंत पारा शून्याखालीं जात नाहीं. तीच गाडी हिंवाळ्यांत लेहला गेली, तपमान उणें एक झालें, आणि प्रोग्रामनें तें २५५ वाचलें. इंजिन गोठत असतां संगणक त्याला उकळतें समजेल! दोष मजकुरांत पहिल्या दिवसापासून होता. तो दिसावयास भाषांतरकारही बदलावा लागला आणि हवाही.

तिसऱ्या प्रकाराची गोष्ट काल्पनिक नाहीं. ती २००९ सालीं खरोखर घडली. लिनक्स या खुल्या प्रणालीच्या गाभ्यांत एका जागीं लेखकानें अशा क्रमानें आज्ञा लिहिल्या होत्या: पाकीट उघडून आंतला कागद काढ, नंतर पाकीट आहे कीं नाहीं तें पाहा, नसेल तर मागें फीर. क्रम उलटा पडला हें आपल्या लगेच ध्यानांत येतें. जुन्या, भाबड्या कंपायलरनें तो जसाच्या तसा उतरविला असता. पण नवे कंपायलर चतुर असतात. जीसीसीनें तर्क केला कीं ज्या अर्थीं कागद काढून झाला त्या अर्थीं पाकीट आहेच. मग पुढचा प्रश्न हवा कशाला? म्हणून भाषांतरांतून तो प्रश्न त्यानें गाळून टाकला. भाषेच्या प्रमाणाप्रमाणें त्याची यांत कांहीं चूक नव्हती. नसलेलें पाकीट उघडणें हें तिसऱ्या प्रकारांतलें लेखन. त्याचा परिणाम काय व्हावा याला बंधनच नाहीं. परंतु त्या प्रणालींत नसलेल्या पाकिटाच्या जागीं हल्लेखोराला आपलें पाकीट आणून ठेवतां येत होतें, आणि त्याला अडविणारा जो एक प्रश्न होता तोच भाषांतरांत नाहींसा झाला होता. मूळ मजकूर वाचणाऱ्याला मात्र तो प्रश्न डोळ्यांसमोर दिसत होता. पुढें लिनक्सच्या मंडळींनीं आज्ञांचा क्रम सुधारला, आणि शिवाय असे प्रश्न गाळूं नयेत अशी ताकीद कंपायलरला देऊन ठेवली.

मला या हकीकतींत एक गोष्ट विशेष वाटते. मजकूर कितीही डोळे वटारून वाचला तरी हा दोष पुरता समजला नसता. भाषांतर करून, तें चालवून पाहणें हाच मार्ग होता. आणि तेंही त्या विशिष्ट भाषांतरकाराकडून.

आवृत्त्यांच्या बदलाच्या गोष्टी याहून साध्या, पण त्रास देण्यांत कमी नाहींत. २०२० च्या मे महिन्यांत जीसीसीची दहावी आवृत्ति आली. तोंपर्यंत एकाच प्रोग्रामच्या दोन फायलींत एकाच नांवाचें जाहीर खातें उघडलेलें असलें तर कंपायलर दोन्ही मिळून एकच समजत असे. दहाव्या आवृत्तीनें ही सवलत आपण होऊन देण्याचें बंद केलें. एका चाळींत दोन बिऱ्हाडांवर एकच पाटी असतां पोस्टमन इतके दिवस पत्रें अंदाजानें टाकीत होता, आणि नव्या पोस्टमननें तीं सगळीं परत पाठविलीं, असा प्रकार झाला. वर्षानुवर्षें सुरळीत बांधले जाणारे शेंकडों प्रोग्राम एकाएकीं बांधले जाईनात. २०२४ च्या मे महिन्यांतील चवदाव्या आवृत्तीनें दुसरी एक जुनी सवलत काढून घेतली. ओळख करून न दिलेल्या फंक्शनला हांक मारली तर पूर्वीं कंपायलर त्याच्याकडून साधा पूर्णांक येईल असें गृहीत धरी. ही मुभा भाषेच्या १९९९ च्या प्रमाणांतच रद्द झाली होती. पण जुने प्रोग्राम मोडूं नयेत म्हणून कंपायलर सूचना देऊन सोडून देत असे. पंचवीस वर्षें ती सूचना पडद्यावर उमटत राहिली आणि पंचवीस वर्षें पुष्कळांनीं ती वाचली नाहीं. ही कांहीं नुसती शिस्तीची बाब नव्हती. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर फंक्शननें परत दिलेला लांबलचक पत्ता पूर्णांक समजून घेतला तर त्याचा अर्धा भाग कापला जातो, आणि अर्ध्या पत्त्यावर कोण राहतें हें सांगावयास नको.

कोणी म्हणेल, मग भाषांतरकारच निर्दोष कशावरून? तसा तो निर्दोष नाहीं. अमेरिकेंत यूटा विद्यापीठांतील मंडळींनीं एक प्रोग्राम तयार केला. तो दुसरे निरर्थक पण नियमशुद्ध प्रोग्राम आपोआप रचीत असे. ते वेगवेगळ्या कंपायलरांकडून भाषांतरित करून उत्तरें ताडून पाहावयाचीं. एकाचें उत्तर इतरांहून निराळें आलें कीं तेथें पाणी मुरतें असें समजावयाचें. २०११ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं या रीतीनें कंपायलरांतील सव्वातीनशेंहून अधिक चुका सांपडल्या. तरीही अनुभव असा आहे कीं नवी आवृत्ति आल्यावर प्रोग्राम बिघडला तर दहांत नऊ वेळां चूक मूळ लेखकाची निघते, आणि दहांतल्या दहाही वेळां तो ती कंपायलरवर ढकलून पाहतो. मनुष्यस्वभावच तो.

आतां लायब्ररीकडे वळूं. हा शब्द ऐकून आपणांस पुस्तकांचीं कपाटें आठवतील. सॉफ्टवेअरच्या धंद्यांत लायब्ररी म्हणजे एखादें काम उत्तम रीतीनें करणारा तयार प्रोग्रामांचा संच. तो प्रत्येकानें स्वतः लिहावयाचा नसतो. आणावयाचा आणि आपल्या प्रोग्रामला जोडावयाचा. भोसरीचा कारखानदार नट-बोल्ट स्वतः ओतीत बसत नाहीं, तसेंच हें. आणि ओपन सोर्स लायब्ररी म्हणजे जिचा मूळ मजकूर उघडा आहे अशी. माहिती नीट मांडून ठेवणारी ‘एस्क्यूलाइट’ ही रिचर्ड हिप यांनीं २००० सालीं काढलेली लायब्ररी आपणां प्रत्येकाच्या फोनांत आहे. ‘कर्ल’ ही स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांची लायब्ररी. इंटरनेटवरून माहिती आणणें-नेणें हें तिचें काम. चाळीसहून अधिक नांवांच्या मोटारींत ती असल्याचें त्यांनीं मोजलें आहे. मोटारींतील पडद्यावर परवान्यांचें एक पान असतें. त्यांत स्टेनबर्ग यांचें नांव व पत्ता छापला जातो. त्यामुळें आपल्या मोटारीचा नकाशा चालत नाहीं, तो कसा दुरुस्त करावा, अशीं पत्रें जगांतील अनोळखी मोटारवाले या गृहस्थांना पाठवितात! त्यांनीं ती मोटार पाहिलेलीही नसते. मला हा प्रकार विनोदी वाटतो, आणि थोडा खिन्न करणाराही. ज्याचें नांव सांपडलें तो एकच मनुष्य, आणि त्याच्याशीं कारखान्याचा कसलाही करार नाहीं.

अशी लायब्ररी कोण, कोठें, कोणत्या कंपायलरनें भाषांतरित करील हें तिच्या लेखकाला ठाऊक नसतें. म्हणून तिची परीक्षा सर्व बाजूंनीं घ्यावी लागते. उदाहरणादाखल हिशेब करूं. दोन कंपायलर घ्या; प्रत्येकाच्या वापरांत असलेल्या आठ आवृत्त्या धरा; सोळा झाल्या. तीन जातींचे प्रोसेसर, अठ्ठेचाळीस. भाषांतर करतांना वेगासाठीं किती काटछाट करावी याच्या चार पायऱ्या असतात, एकशें ब्याण्णव. मजकुरांत एक शब्द बदलला तरी या एकशें ब्याण्णव तऱ्हांनीं तो बांधावयाचा, आणि प्रत्येक बांधणीवर ठरलेल्या सर्व परीक्षा चालवावयाच्या. माणसाच्या हातून हें होणार नाहीं. म्हणून तेंही यंत्राकडे सोंपवितात. लेखकानें बदल पाठविला कीं दूरच्या संगणकांवर हीं भाषांतरें रांगेनें होऊं लागतात, आणि अर्ध्या तासांत एक तक्ता समोर येतो: इतकीं घरें हिरवीं, इतकीं तांबडीं. तांबडें घर एकच असलें तरी बदल स्वीकारावयाचा नाहीं असा चांगल्या मंडळींचा शिरस्ता आहे.

परीक्षांचा व्याप किती असावा? एस्क्यूलाइटच्या लेखकांनीं २०२३ सालीं दिलेला आंकडा असा: मूळ लायब्ररी सुमारें एक लाख छप्पन हजार ओळींची, आणि तिच्या परीक्षांचा मजकूर नऊ कोटी वीस लाख ओळींचा, म्हणजे मूळाच्या ५९० पट. शिवाय त्यांची एक रीत मला फार आवडते. प्रत्येक फांटा तपासला गेला कीं नाहीं हें मोजण्यासाठीं ते लायब्ररी एका विशेष रीतीनें बांधतात. पण त्या परीक्षेवर विसंबत नाहींत. ग्राहकाच्या हातीं ज्या रीतीनें बांधलेली लायब्ररी जावयाची, तशी पुन्हां बांधून त्याच परीक्षा पुन्हां घेतात, आणि दोन्हीं उत्तरें जुळतात कीं नाहीं तें पाहतात. भाषांतर बदललें तर परीक्षा जुनी झाली, हें ज्यांना उमगलें त्यांचें हें वर्तन आहे.

चाकणच्या माणसाला हें तत्त्व नव्यानें शिकवावें लागत नाहीं. कोणत्याही सुट्या भाग बनविणाऱ्याला विचारा. तो ‘पीपॅप’ हा शब्द उच्चारील. भागाचा नमुना मोठ्या कारखान्यानें एकदां मंजूर केला म्हणजे काम संपत नाहीं. डाय नवी केली, काम एका प्रेसवरून दुसऱ्या प्रेसवर नेलें, कच्चा माल दुसऱ्याकडून घेतला, किंवा शेड भोसरीहून चाकणला हलविली, कीं नवे नमुने, नवीं मापें आणि नवी मंजुरी. चित्र तेंच, धातु तोच, मापें तींच. तरी हत्यार बदललें म्हणून परीक्षा पुन्हां. कंपायलर हेंही हत्यारच आहे. मोटारींतील विद्युत्-यंत्रणांच्या सुरक्षिततेविषयीं २०११ सालीं जें आंतरराष्ट्रीय प्रमाण निघालें, आयएसओ २६२६२, त्यांत सॉफ्टवेअर बनविण्याच्या हत्यारांवर किती भरंवसा ठेवावा याचें स्वतंत्र कलम आहे. त्याआधीं १९९८ सालीं इंग्लंडांतील मोटारधंद्याच्या मंडळींनीं ‘मिस्रा सी’ या नांवाची नियमावली काढली. सी भाषेंतील ‘चवीपुरते’ शब्द शक्य तेथें वापरूंच नयेत असा तिचा रोख आहे. आपल्या पट्ट्यांतील कार्यालयांत ती नियमावली आज नित्याच्या वापरांत आहे.

येथपर्यंत सारें सुरळीत दिसतें. खरी अडचण पुढें आहे.

मोटारीचा धंदा आणि खुल्या लायब्ररीचा व्यवहार यांचीं घड्याळें जुळत नाहींत. खाजगी गाडीची नोंदणी आपल्याकडे पंधरा वर्षांची असते. तितकीं वर्षें ती रस्त्यावर राहणार हें गृहीत आहे. गाडीचा नमुना मंजूर झाला म्हणजे जिच्यानें प्रोग्राम भाषांतरित झाला ती कंपायलरची आवृत्ति गोठवून ठेवण्याची रीत आहे. कोठें कोठें तर तो सगळा संगणकच कुलपांत ठेवतात. यांत शहाणपण आहे. जें तपासलें तेंच चालवावें. नव्या भाषांतराची जोखीम कशाला? उलट जीसीसीची नवी आवृत्ति दर वर्षीं येते, आणि एका आवृत्तीची डागडुजी साधारण तीन वर्षें होते. मग समजा, गाडी रस्त्यावर येऊन आठ वर्षें झालीं आणि तिच्यांतील एका खुल्या लायब्ररींत असें भोंक सांपडलें कीं ज्यांतून बाहेरचा मनुष्य आंत शिरूं शकेल. लायब्ररीचे लेखक दोन दिवसांत दुरुस्ती प्रसिद्ध करतात. पण ती त्यांनीं आजच्या भाषेंत लिहिलेली असते, आजच्या कंपायलरांवर तपासलेली असते. कुलपांतला आठ वर्षांचा म्हातारा भाषांतरकार ती वाचूं लागतो, आणि तिसऱ्या ओळीला अडखळतो. आतां काय करावयाचें? भाषांतरकार बदलावा तर सगळ्या गाडीची परीक्षा पुन्हां. न बदलावा तर भोंक तसेंच. दुरुस्ती जुन्या भाषेंत उलटी लिहून काढावी तर ती करणारा मनुष्य मूळ लेखकाइतका जाणता पाहिजे, आणि असे लोक मोजके.

कर्लच्या स्टेनबर्ग यांनीं या प्रश्नाला आपल्यापुरतें उत्तर दिलें आहे: आजही ती लायब्ररी १९८९ च्या सी भाषेंतच लिहितात. नव्या भाषेच्या सोयी हात जोडून दूर ठेविल्या आहेत, कां तर कोणत्याही जुन्या कंपायलरला ती वाचतां यावी. शिवाय २००६ पासून तिची बाहेरची जोडणी त्यांनीं मोडलेली नाहीं. तेव्हां जोडलेला प्रोग्राम आजच्या कर्लवर चालावा असा त्यांचा कटाक्ष आहे. हा त्याग थोडा नव्हे. परंतु सर्वांनीं तो करावा असें मी म्हणणार नाहीं. नव्या भाषेंत कित्येक जुन्या चुका लिहितांच येत नाहींत, हाही एक लाभ आहे, आणि पंधरा वर्षांच्या गाडीसाठीं साऱ्या जगानें जुन्या व्याकरणांत बोलावें हा न्याय नव्हे.

माझ्या मतें ओझें दुसऱ्या बाजूनें उचललें पाहिजे. गाड्यांच्या लहान प्रोसेसरांचे कंपायलर बहुतेक विकत मिळतात आणि महाग असतात. खुल्या लायब्ररीच्या लेखकाच्या त्या एकशें ब्याण्णव घरांत ते नसतातच. ते आहेत चाकणांत, हिंजवडींत, मोटारधंद्याच्या कचेऱ्यांत. तेथल्या तरुण इंजिनियराला लायब्ररी आपल्या कंपायलरवर बांधतांना अडचण आली म्हणजे तो काय करतो? बहुधा आपल्याकडील प्रतींत दोन ओळी बदलतो, काम पुढें ढकलतो, आणि ती दुरुस्ती कचेरीच्या चार भिंतींत राहते. पुढच्या वर्षीं लायब्ररीची नवी आवृत्ति आली कीं त्याच दोन ओळी पुन्हां बदलाव्या लागतात. तोंपर्यंत तो इंजिनियर दुसऱ्या कंपनींत गेलेला असतो. त्याऐवजीं त्यानें दहा ओळींचा एक छोटा नमुना काढून मूळ लेखकाला कळविलें, कीं अमुक कंपायलर, अमुक आवृत्ति, अमुक आज्ञा, आणि हा निकाल, तर ती दुरुस्ती मुळांतच होते आणि सर्वांच्या उपयोगीं पडते. असा अहवाल नीट लिहिणें हीही एक विद्या आहे. ‘आमच्याकडे चालत नाहीं’ एवढें लिहून पाठविणारे पुष्कळ. त्यांचा लेखकाला कांडीचाही उपयोग होत नाहीं.

या लेखकांची स्थिति कशी असते तें २०१४ सालीं जगाला दिसलें. निम्म्या इंटरनेटचें कुलूप म्हणून जी वापरली जाई त्या ‘ओपनएसएसएल’ लायब्ररींत ‘हार्टब्लीड’ नांवाचें भोंक सांपडलें, आणि मग कळलें कीं तिच्यावर पूर्ण वेळ काम करणारा मनुष्य जवळजवळ एकच होता. २०२४ च्या मार्चमध्यें याहून विलक्षण प्रकार उघडकीस आला. ‘एक्सझेड’ नांवाची, फायली आवळून लहान करणारी लायब्ररी एक थकलेला मनुष्य सांभाळीत होता. दोन-अडीच वर्षें मदत करून त्याचा विश्वास संपादन केलेल्या एका सोंगाड्यानें तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसविलें. कोठें बसविलें तें ऐकण्यासारखें आहे: लायब्ररीच्या मजकुरांत नव्हे, तर परीक्षेसाठीं ठेविलेल्या नमुना-फायलींत; आणि तें जागें करणारी किल्ली बांधणीच्या सूचनांत, तीही केवळ वाटावयाच्या गठ्ठ्यांत घातलेली. मूळ मजकूर वाचणाऱ्याला कांहींच दिसलें नसतें. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियराला आपल्या संगणकांत प्रवेश करतांना नेहमीपेक्षां अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें. तो स्वस्थ बसला नाहीं, म्हणून हें बाहेर आलें. बांधणी आणि परीक्षा हीं दुय्यम, नोकरमाणसांचीं कामें, अशी जी समजूत पुष्कळ ठिकाणीं आढळते, तिचा फायदा घेणारेही जगांत आहेत.

गोठविलेला कंपायलर आणि नवा कंपायलर यांत एकच निवडावा लागतो असें मात्र नाहीं. गाडींत जावयाचें तें भाषांतर जुन्याच भाषांतरकाराकडून होऊं द्यावें. पण रात्रीं कचेरी बंद झाल्यावर तोच मजकूर नव्यांतल्या नव्या आवृत्तीकडून बांधून पाहावा आणि सकाळीं त्याच्या तक्रारी वाचाव्या. गाडींत तें भाषांतर कधींच जाणार नाहीं. तरी नवा भाषांतरकार मजकुरांतील असे दोष दाखवितो जे जुन्याला दिसतच नव्हते. यास लागतो एक संगणक आणि एका माणसाचा सकाळचा अर्धा तास.

२०२५ च्या एप्रिलमध्यें आलेल्या जीसीसीच्या पंधराव्या आवृत्तीचेंच पाहा. तिनें सी भाषेचें नवें प्रमाण मुळांत स्वीकारलें. त्यांत ‘बूल’ हा, खरें कीं खोटें एवढेंच सांगणारा, शब्द भाषेचा स्वतःचा झाला. लहान प्रोसेसरांसाठीं लिहिलेल्या जुन्या प्रोग्रामांत हा शब्द नव्हता म्हणून लेखकांनीं तो आपआपल्या परीनें घडवून घेतलेला असे. कोणी एका अक्षराच्या डब्याला हें नांव देई, कोणी पूर्णांकाला. असे सारे प्रोग्राम नव्या आवृत्तीपुढें पहिल्याच पानावर थांबतात. दुरुस्ती एका ओळीची आहे. मात्र दहा वर्षांच्या मजकुरांत ती ओळ एकाच ठिकाणीं आहे कीं निरनिराळ्या चार लायब्रऱ्यांत चार तऱ्हांनीं लिहिलेली आहे, आणि त्यांतल्या एकींत तो डबा एका बाइटाचा व दुसरींत चार बाइटांचा तर नाहीं ना, हें शोधूनच काढावें लागतें.